समुद्रकाठी कॉटेज घेताना

ब्रिटनमध्ये नवीन आलेल्या मराठी कुटुंबांनी पहिल्या उन्हाळ्यात हॉटेलापेक्षा कॉटेज घ्यावं, असं इथली जुनी मंडळी आग्रहाने सांगतात. हॉटेलातल्या टोस्ट-बीन्सला मुलं तिसऱ्या दिवशी कंटाळतात आणि वरणभात मागतात. सेल्फ-केटरिंग कॉटेजमध्ये अख्खं घर, स्वयंपाकघरासकट, आठवडाभर आपलं.

कॉर्नवॉल, डेव्हन किंवा पेम्ब्रोकशायरला जायचं तर ऑगस्टचं बुकिंग हिवाळ्यातच करा. शाळेला सुट्टी लागली की भाडं चढतं. पण स्वस्त पडतं म्हणून शाळा बुडवू नका. इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय पाच दिवस शाळा चुकली, तर प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड होऊ शकतो. सुट्टीच्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार असंच घर मिळतं. ताबा साधारण दुपारी चारला, आणि निघायचं सकाळी दहाच्या आत.

पैसे भरण्याआधी शेगडी कोणती आहे ते विचारा. इंडक्शन असेल तर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही. तळाला लोहचुंबक चिकटेल असा स्टीलचा कुकर आणि तवा घरून न्या. पोळपाट-लाटणं आणि मिसळणाचा डबाही घ्या, कारण खेड्यातल्या दुकानात कढीपत्ता मिळण्याची आशा नको. जुन्या कॉटेजची छतं ठेंगणी असतात. फोडणीचा धूर झाला की स्मोक अलार्म कोकलतो, म्हणून आधी खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, मग मोहरी टाका. अलार्म काढून ठेवण्याचा उद्योग कुणीही करू नये. ओट्यावर सांडलेली हळद तिथल्या तिथे पुसा. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका. गावाबाहेरच्या अनेक घरांचं सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं.

टॉवेल भाड्यात आहेत का, गाडी कुठे लावायची, हेही विचारून घ्या. कॉर्नवॉलच्या गल्ल्यांतून एका वेळी एकच गाडी जाते आणि फोनला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा.

सगळ्यात जास्त लक्ष मात्र भरती-ओहोटीकडे द्या. मुंबईत साडेचार-पाच मीटरची भरती आली की आपण उधाण म्हणतो; ब्रिस्टल चॅनेलमध्ये भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक १४ मीटरपर्यंत जातो. ओहोटीला कोरडी दिसणारी वाळू बघता बघता पाण्याखाली जाते, आणि कड्याखालच्या छोट्या किनाऱ्यावरून परतायची वाट बंद होते. नॉर्थम्बरलंडमधल्या लिंडिसफार्न बेटाचा रस्ता दिवसातून दोनदा बुडतो, तरी लोक गाड्या घालतात आणि अडकतात. पोचल्या संध्याकाळीच त्या आठवड्याच्या भरतीच्या वेळा कागदावर लिहून फ्रीजवर लावा.

जीवरक्षक असलेला किनारा निवडा आणि लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात उतरा. नुसता लाल झेंडा असेल तर मुळीच उतरू नका. मुलांच्या फुगवायच्या बोटी समुद्रात नेऊ नका, जमिनीवरून सुटलेला वारा त्या आत ओढून नेतो. कुणी अडचणीत दिसलं तर स्वतः उडी न मारता ९९९ ला फोन करा आणि कोस्टगार्ड मागा.