पत्ता कुठला सांगायचा?

डोंबिवलीचे आमचे एक शेजारी. सगळे त्यांना मामा म्हणतात. शौचावाटे रक्त जात होते. मूळव्याधच असेल, असे धरून सहा महिने घरचीच औषधे केली. शेवटी भाच्याने मुंबईच्या एका इस्पितळात नेले. केसपेपरच्या खिडकीवर विचारले, "पत्ता?" भाचा हळूच म्हणाला, "मामा, आमचा लालबागचा सांगा. जवळचा असला म्हणजे बरं." मामांनी तोच सांगितला.

आपण पुष्कळजण असेच करतो. त्यात बिघडते काय?

मुंबईत १९६३ साली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. देशातली ही अशी पहिलीच. इंडियन कॅन्सर सोसायटीने ती सुरू केली. नोंद करणारी माणसे इस्पितळे फिरतात, मृत्यूचे दाखले बघतात. रोग्याचे वय काय, तो राहतो कुठे, रोग कोणत्या अवयवाचा, हे लिहून घेतात. एकच रोगी दोन इस्पितळांत गेला तरी एकदाच मोजतात. मुंबईबाहेर राहणारा मुंबईच्या हिशेबात धरत नाहीत. आता मामा ठरले लालबागचे! मुंबईत एक वाढला, डोंबिवलीत एक घटला.

नुसते रोगी मोजूनही भागत नाही. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीत सुमारे साडेबारा लाख लोक होते, ठाणे शहरात अठरा लाखांवर. वस्ती वाढली की रोगी वाढणारच. म्हणून लाख माणसांमागे किती, कोणत्या वयाचे, असा हिशेब वर्षानुवर्षे ठेवावा लागतो. एका वर्षाचा आकडा फसवतो.

अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा असा हिशेब ठेवला आहे. तिथे वयस्कर लोकांची आतडी तपासतात. पुढे रोग होईल अशा लहान गाठी आधीच काढून टाकतात. दर उतरत गेला. पण पन्नाशीच्या आतल्यांत तो वाढताना दिसला. एकट्या डॉक्टरला हे कुठून कळणार? नोंदींतून कळले. मग २०२१ साली तिथल्या सरकारी तज्ज्ञमंडळाने तपासणी ५० ऐवजी ४५ व्या वर्षापासून करायला सांगितले.

आपल्याकडे या रोगाचा दर अमेरिकेपेक्षा पुष्कळ कमी आहे. तिथले वय इथे जसेच्या तसे कसे लावणार? इथे कोणाला आधी तपासायचे, हे इथल्याच नोंदी सांगतील.

दुसऱ्या खेपेला मामांनी केसपेपरवर डोंबिवलीचा पत्ता घालून घेतला. वयही पुन्हा विचारले. मामा म्हणाले, "पंचावन्न लिहा." मामी मागून म्हणाल्या, "अहो, अठ्ठावन्न!"