घरबसल्या लिलाव

‘लिलाव’ हा शब्द मराठीने पोर्तुगीज भाषेतून घेतला. बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या राशीभोवती व्यापारी जमतात, चढत्या भावाने बोली बोलतात आणि सर्वांत मोठी बोली ज्याची, त्याला माल मिळतो, हे दृश्य महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच व्यवहार संगणकाच्या पडद्यावर होऊ लागला. तेथे बोली बोलणारे एकमेकांस दिसत नाहीत. कित्येकदा त्यांच्यामध्ये समुद्र पसरलेला असतो.

१९९५ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात पिएर ओमिड्यार या तरुणाने अशा लिलावाची सोय सुरू केली. तीच पुढे ‘ईबे’ या नावाने प्रसिद्धीस आली. तेथे आरंभी विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर होय. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. वस्तू मोडकी आहे हे ठाऊक आहे ना, असे ओमिड्यारने विचारले, तेव्हा आपण मोडके लेझर पॉइंटरच जमवतो, असे ग्राहकाने कळविले! एकाच्या घरची अडगळ दुसऱ्याला मोलाची वाटते, हे या व्यापाराचे मर्म तेव्हाच दिसून आले.

मोटारसायकलींच्या सुट्या भागांना हे मर्म विशेष लागू पडते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील बी.एस.ए. कंपनीच्या मोटारसायकली एके काळी अमेरिकेत मोठ्या संख्येने विकल्या जात. १९७०च्या दशकात त्या कंपनीचा कारभार आटोपला; परंतु तिच्या गाड्या हौशी लोकांनी जपून ठेवल्या. अशा गाडीचा कार्ब्युरेटर निकामी झाला, तर तो कोठे मिळणार? कोणाच्या तरी कोठारात तो धूळ खात पडलेला असतो. लिलावामुळे त्या दोघांची गाठ पडते.

या लिलावाची रीत मोठी चतुर आहे. ग्राहक आपण जास्तीत जास्त किती रक्कम देऊ, ते गुप्तपणे नोंदवितो. मग संगणक त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवितो. समजा, एकाने ६० डॉलरची मर्यादा घातली आणि दुसऱ्याने ४५ डॉलरची. बोली एकेका डॉलरने वाढत असेल, तर पहिल्याला ती वस्तू ४६ डॉलरला मिळते. उरलेले १४ डॉलर त्याच्या खिशातच राहतात.

तरीही पुष्कळ लोक अखेरच्या काही सेकंदांपर्यंत दबा धरून बसतात आणि मग एकदम बोली लावतात. ॲल्विन रॉथ व ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली याचे कारण दाखवून दिले. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी संपत असे. ॲमेझॉन कंपनीच्या तेव्हाच्या लिलावांत मात्र उशिरा बोली आली की वेळ वाढत असे. म्हणून तेथे ही घाई पुष्कळच कमी आढळली. नियम बदलला की माणसांचे वागणे बदलते, ते असे.

ज्याला माल हाताळून पाहता येत नाही, त्याने डोळ्यांत तेल घालून वर्णन वाचावे. भागावरील क्रमांक आपल्या गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा; एका अक्षराच्या फरकाने भाग बसेनासा होतो. टायरच्या कडेवरील चार आकडे त्याचे वय सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. विकणाऱ्याविषयी पूर्वीच्या ग्राहकांनी दिलेले अभिप्राय वाचावेत. टपालखर्च आणि परदेशी मालावरील जकात यांचाही हिशेब बोलीपूर्वीच करावा.

एक वस्तू मात्र कितीही स्वस्त मिळाली, तरी वापरलेली घेऊ नये. ती म्हणजे हेल्मेट. त्याच्या कठीण कवचाखाली फेसासारख्या हलक्या पदार्थाचा जाड थर असतो. आघात होताच तो थर स्वतः चेपतो आणि मस्तकाचे रक्षण करतो. परंतु एकदा चेपलेला थर पुन्हा पूर्ववत होत नाही. बाहेरचे कवच चकाकत असले, तरी आतले बळ सरलेले असू शकते आणि छायाचित्रात ते दिसत नाही. म्हणून हेल्मेट नवेच घ्यावे. भारतात त्यावर आय.एस.आय. चिन्ह असल्याची खात्री करावी.

लिलावाचा खरा धोका मनातच असतो. दुसऱ्याने बोली वाढविली की ईर्षा जागी होते, आणि वस्तूची गरज बाजूला राहून जिंकण्याची हौस वरचढ ठरते. अशा वेळी जो जिंकतो, तोच बहुधा अधिक मोल देऊन बसतो. शहाणा ग्राहक शांतपणे आपली मर्यादा आधी ठरवितो आणि ती ओलांडली गेली की हात आखडता घेतो. हातची वस्तू गेली, तरी त्याचे धन आणि विवेक ही दोन्ही शाबूत राहतात.

स्वाध्याय

१. बाजार समितीतील लिलाव आणि संगणकावरील लिलाव यांतील साम्य व भेद सांगा.
२. वापरलेले हेल्मेट का घेऊ नये?
३. ‘डोळ्यांत तेल घालणे’ व ‘हात आखडता घेणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.