बनशंकरीच्या पत्त्यातले स्वल्पविराम

बाळा, गणपतीच्या वर्गणीची यादी स्प्रेडशीटमधून सीएसव्ही करून घेतलीस आणि ती फोर्थ भाषेत वाचायला बसलास, हे ऐकून फार बरं वाटलं. असलं काम बाकीचे पायथनमध्ये दोन ओळींत उरकतात. उरकू देत. फोर्थमध्ये एकदा हाताने केलंस की फाइल म्हणजे नेमकं काय, हे जन्मात विसरणार नाहीस. ज्या साहेबांच्या हाताखाली मी शिकले त्यांनी सांगितलेलं, आणि नंतर मी नव्या पोरांना सांगत आले ते, आज तुझ्या कानात घालते.

फाइल आधी डोळ्यांनी बघ, आणि तीही साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये. स्प्रेडशीटमध्ये उघडलीस तर तुला फाइल दिसत नाही, स्प्रेडशीटने लावलेला तिचा अर्थ दिसतो. फोन नंबरापुढचं शून्य ती गाळून टाकते. एक्सेल १५ आकड्यांपुढे अचूक राहत नाही, त्यामुळे १६ आकडी नंबरातला शेवटचा आकडा शून्य होऊन बसतो. त्यात चुकून सेव्ह केलंस की मूळ आकडा गेलाच. म्हणून मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेव आणि तिला हात लावू नकोस.

आता खरी अडचण. आपल्या यादीतली एक ओळ घे: जोशी, मग पत्ता, मग ५०१ रुपये. रकाने तीन. पण पत्ता काय आहे? "४२, ७वा मेन, ९वा क्रॉस, बनशंकरी दुसरा स्टेज". बेंगळुरूचा पत्ता मेन आणि क्रॉसशिवाय पुरा होत नाही, आणि प्रत्येक तुकड्यानंतर स्वल्पविराम येतो. म्हणजे ओळीत स्वल्पविराम पाच, त्यातले रकाने वेगळे करणारे दोनच. जीफोर्थ या फोर्थच्या आवृत्तीत स्कॅन नावाचा तयार शब्द आहे. त्याला सांगितलंस की तो पुढच्या स्वल्पविरामापाशी नेऊन उभं करतो. नवखा माणूस तोच वापरतो आणि तीन रकान्यांचे सहा तुकडे करून बसतो. मग वर्गणीच्या जागी '७वा मेन' येतो.

यावरचा नियम आरएफसी ४१८० या कागदात ऑक्टोबर २००५ मध्ये लिहून ठेवलेला आहे. तो छोटा आहे, एकदा शांतपणे वाच. ज्या रकान्यात स्वल्पविराम, अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ असेल तो दुहेरी अवतरणात ठेवायचा, आणि आत अवतरणचिन्ह आलंच तर ते दोनदा लिहायचं. नवी ओळसुद्धा रकान्याच्या आत येऊ शकते, हे लक्षात ठेव. कुणी सेलमध्ये आल्ट दाबून एंटर मारला असेल तर तुझी एक नोंद दोन ओळींत पसरते. म्हणून रीड-लाइनने ओळ ओळ वाचण्यापेक्षा स्लर्प-फाइलने सगळी फाइल एकदम मेमरीत घे. वर्गणीची यादी ती केवढी! रीड-लाइनच वापरायचं असेल तर दिलेल्या लांबीपेक्षा बफर किमान दोन अक्षरांनी मोठा ठेव, आणि परत आलेली लांबी तू दिलेल्या लांबीइतकीच असेल तर ओळ अजून संपलेली नाही असं समज.

तोडण्याची युक्ती अशी. एक व्हेरिएबल ठेव, नाव दे 'आत'. सुरुवातीला शून्य. एकेक अक्षर पुढे सरक. अवतरणचिन्ह दिसलं की 'आत' उलटं कर. स्वल्पविराम दिसला आणि 'आत' शून्य असेल तर रकाना संपला. नवी ओळ दिसली आणि 'आत' शून्य असेल तर नोंद संपली. बाकी सगळं सोडून दे. दोनदा लिहिलेलं अवतरणचिन्ह आलं तर 'आत' दोनदा उलटतं आणि होतं तिथेच येतं, म्हणून त्याची वेगळी व्यवस्था लागत नाही. प्लंबरच्या बिलात अर्ध्या इंचाच्या पाइपापुढे इंचाची खूण असली तरी हे चालतं. दोनाचं एक करायचं काम मागाहून, रकाना हातात आल्यावर. मला ही रीत इतकी आवडते की दुसऱ्या कुठल्याही भाषेत सीएसव्ही वाचताना मी आधी हीच आठवते.

'आत' स्टॅकवर ठेवू नकोस. नवखा इथेच फसतो. फोर्थ आहे म्हणजे सगळं स्टॅकवरच हवं, व्हेरिएबल वापरणं कमीपणाचं, असं त्याला वाटतं. तसं काही नाही. फोर्थमध्ये अक्षरमाला म्हणजे स्टॅकवर दोन वस्तू: मेमरीतली जागा आणि तिच्यावर लांबी. उरलेली फाइल आणि हातातला रकाना मिळून चार झाल्या. त्यात पाचवी आली की स्वॅप, ओव्हर, रॉट करता करता डोकं फिरतं. पिक किंवा रोलची गरज पडली की थांब आणि शब्दाचे दोन शब्द कर. फोर्थच्या २०१२ च्या प्रमाणात लोकल व्हेरिएबल्सही आहेत, खुशाल वापर.

प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर कंसात लिही: काय घेतो, काय ठेवतो. रकाना तोडणाऱ्या शब्दाला 'पुढचा-रकाना' म्हटलंस, तर तो दोन घेतो, चार ठेवतो. नावं मराठीत ठेवलीस तरी चालतं, फक्त मधे मोकळी जागा नको. आणि शब्द लिहिल्याबरोबर एकटाच चालवून बघ, मग डॉट-एस मारून स्टॅक बघ. नोंद सुरू होताना जितक्या वस्तू होत्या तितक्याच नोंद संपताना हव्यात. एकही जास्त उरली तर पुढचं काही लिहू नकोस, आधी ती कुठून आली ते शोध.

पैशांच्या रकान्याला जास्त जप. टू-नंबर हा शब्द आकडा वाचत जातो आणि न कळणारं पहिलं अक्षर आलं की गप्प थांबतो. यादीत कुणी १,२५,००० असं लिहिलं असेल तर तुला मिळतो १, आणि तक्रार कुणीच करत नाही. मात्र उरलेली लांबी तो स्टॅकवर ठेवतो. ती शून्य आहे का, हे दर वेळी तपास. आधी स्वल्पविराम काढून टाक, मग आकडा कर. दशांशचिन्हापाशीही तो थांबतो, म्हणून हिशेब पैशांत ठेव. वजाची खूण तुझी तू बघायची. देवनागरी आकडे त्याला कळत नाहीत.

पहिल्या मथळ्याचं नाव जुळत नसेल तर फाइलचे पहिले तीन बाइट छापून बघ. २३९, १८७, १९१ आले तर ती यूटीएफ-८ ची खूण आहे, तीन बाइट सोडून पुढे जा. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं असतं. 'मराठी' शब्दाची लांबी १५ येईल. रकाने सरळ रेषेत छापताना हे आठव.

ही भाषा जुनी म्हणून कुणी नाक मुरडलं तर मनावर घेऊ नकोस. चार्ल्स मूर यांनी ती १९७० च्या सुमारास दुर्बिणी चालवायला वापरली. २०१४ साली धूमकेतूवर उतरलेल्या फिले यानावर फोर्थसाठी घडवलेली चिप होती. २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या शाळेत मुलांना जे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले, ते सुरू होताना आधी फोर्थच चालत असे. आणि आधी आकडे, मग क्रिया, ही तिची रीत तुला अवघड जायला नको. आपण मराठीत आणि इथले शेजारी कन्नडमध्ये क्रियापद शेवटीच आणतो.

आज पाचच नोंदींची एक फाइल हाताने बनव: एक साधी, एक पत्त्यातल्या स्वल्पविरामांची, एक आत नवी ओळ असलेली, एक दुहेरी अवतरणाची आणि एक शेवटचा रकाना रिकामा असलेली. त्या शेवटच्या नोंदीकडे नीट बघ, कारण स्वल्पविरामानंतर काहीच नाही म्हणून तो रकाना सहज गळतो. पाचही नोंदींत रकाने तीन-तीनच आले की मोठी यादी घे. वर्गणीची बेरीज खजिनदारांच्या वहीतल्या बेरजेशी पैशापर्यंत जुळव, आणि मगच पावत्या छापायला दे.