लेखाचा साचा आणि मोरोपंतांची आर्या

मोरोपंतांचे (१७२९–१७९४) बहुतेक काव्य बारामतीस, कऱ्हाकाठी घडले. त्यांच्या आर्यांवरचा माझा लेख इंदापूरच्या घरी बसून सिद्ध करताना मला मुद्रणाचा एक धडा मिळाला, तो मित्रांपुढे ठेवतो.

संशोधन-नियतकालिके हल्ली लेखासाठी 'टेम्प्लेट', म्हणजे तयार साचा देतात. मला मिळालेला साचा लेटेकचा होता. डोनाल्ड नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणी-प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लेटेक उभारले. लेखकाने 'हे शीर्षक', 'ही तळटीप' एवढेच सांगावे. टाइपाचा आकार, समास, टीपांचे क्रमांक साचा पाहतो. मध्येच एक टीप घातली तरी पुढचे आकडे आपोआप सरकतात. (हाताने आकडे खोडत बसलेल्यासच हे सुख कळेल!)

माझा मजकूर जुन्या फाँटात होता. त्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसवलेल्या असतात; साहजिकच साच्यात नुसता रोमन गोंधळ उमटला. मजकूर युनिकोडमध्ये आणून झीलेटेकवर चालवला, तेव्हा जोडाक्षरे जुळली.

खरी पंचाईत पुढेच होती. साचा दोन स्तंभांचा, आणि मोरोपंतांच्या बहुतेक आर्या गीती जातीच्या. प्रत्येक अर्धात ३० मात्रा. अरुंद स्तंभात ओळ मावेना, ती भलत्याच जागी तुटे. मग यती कळणार कसा? मी प्रत्येक अर्ध १२ मात्रांवर तोडला व उरलेल्या १८ मात्रा खालच्या ओळीत किंचित आत घेतल्या. समासांना मात्र हात लावला नाही; तो अधिकार संपादकांचा. दोन ठिकाणी शब्दच बाराव्या मात्रेवर संपत नव्हता. तेथे ओळ अखंड ठेवून दोन्ही स्तंभांवर पसरवली.