न बदलणारी तारीख

संगणकास शिकवितांना मनुष्य "हें कर, तें कर" असें पुष्कळ सांगतो. परंतु कोणती गोष्ट कधींहि बदलूं नये, हें सांगावयास विसरतो. या विसरण्यानें काय अनर्थ होतो, तें आम्हीं गेल्या वर्षीं स्वतः अनुभविलें. तो पाठ तुमच्याहि उपयोगीं पडावा, म्हणून येथें देत आहों.

ग्रंथालयांतील देवघेवीची यादी ठेवण्यासाठीं आम्हीं चौघांनीं जाव्हा भाषेंत एक प्रोग्रॅम लिहिला. एके दिवशीं २८ पुस्तकें बाहेर गेलीं. सर्वांच्या परतीची तारीख १५ होती. म्हणून आम्हीं ती तारीख एकदांच तयार केली व सर्व २८ नोंदींस जोडून दिली. पुढें एका शिक्षकांस त्यांतील एक पुस्तक लवकर हवें होतें, म्हणून ग्रंथपालबाईंनीं त्या एका नोंदींतील तारीख ८ केली. १२ तारखेस सातवींतील एक मुलगी आपलें पुस्तक घेऊन आली, तों यादी सांगूं लागली कीं, हिला चार दिवसांचा उशीर झाला आहे! पुस्तकांतील चिठ्ठीवर तर १५ तारखेचा शिक्का होता. सर्वांच्या मनांत संशय आला तो चिठ्ठीविषयीं व त्या मुलीविषयीं; यंत्राविषयीं कोणासहि आला नाहीं. ती बिचारी रडूं लागली. मग इतर नोंदी उघडून पाहिल्या, तेव्हां अठ्ठाविसांपैकीं प्रत्येकीवर ८ हीच तारीख दिसली. मुलगी खरी होती. दोष आमचा होता.

तो कसा घडला, हें आतां पाहूं. आम्हीं योजिलेल्या लेखनपद्धतींत क्लास म्हणजे साचा, आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यांतून काढलेली वस्तु. नॉर्वे देशांतील ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेनें ही कल्पना जगापुढें आणली. जाव्हांत नोंदीमध्यें वस्तु स्वतः राहत नाहीं. ती कोठें आहे, एवढा निर्देश मात्र राहतो. आमच्या २८ नोंदी एकाच तारीख-वस्तूकडे बोट दाखवीत होत्या. ती एकीसाठीं बदलली, ती सर्वांसाठींच बदलली. १९९६ सालच्या जाव्हाच्या पहिल्या आवृत्तीपासून 'डेट' नांवाचा जो क्लास आहे, त्याची वस्तु अशी बदलतां येते. आणि आम्हीं एका जुन्या पुस्तकावरून तोच घेतला होता.

आतां विचार करा: १५ ही संख्या कधीं ८ होते काय? तारीख, रक्कम, लांबी हीं मूल्यें होत. परतीची तारीख बदलली, म्हणजे १५ तारीख कांहीं ८ झाली नाहीं; नोंदीनें १५ सोडून ८ धरली, इतकेंच. ग्रंथपालबाई चिठ्ठीवर मुदत वाढवितात, तेव्हां जुना शिक्का खरडून काढीत नाहींत. त्याखालीं नवा उमटवितात. मूल्य दाखविणारी वस्तु अशीच अविकारी, म्हणजे एकदां घडल्यावर न बदलणारी, असावी.

असा क्लास रचण्याचे नियम थोडे आहेत. पहिला, वस्तु घडतांनाच तिचे सर्व घटक भरावे व तपासावे. कोणी ३१ फेब्रुवारी देऊं लागला, तर ती वस्तु घडूंच देऊं नये. दुसरा, घटक खाजगी व 'फायनल' ठेवावे, आणि त्यांस बदलणारी एकहि क्रिया बाहेर देऊं नये. तिसरा, बदल हवा असेल तर जुनीस हात न लावतां नवी वस्तु घडवून द्यावी. चौथा, क्लासहि 'फायनल' करावा. नाहींतर त्यापासून काढलेला एखादा पोटक्लास मागील दाराने बदल आणील. पांचवा, आंत एखादी बदलणारी यादी असेल, तर ती घेतांना व देतांना तिची प्रत करावी. पेटीस कुलूप लावून किल्ली बाहेर ठेवण्यांत काय अर्थ? सहावा, दोन वस्तु समान कीं भिन्न हें त्यांतील मूल्यांवरून ठरवावें. आणि समान वस्तूंचा 'हॅशकोड'हि समानच यावा.

हा हॅशकोड म्हणजे कपाटांतील खण ठरविणारा अंक होय. वस्तु खणांत ठेवल्यावर तिचें मूल्य बदललें, तर शोधणारा नव्या अंकाच्या खणांत पाहतो, वस्तु जुन्या खणांत पडून राहते, आणि असूनहि सांपडत नाहीं. अविकारी वस्तूस ही भीति नाहीं. शिवाय अनेक कामें एकाच वेळीं चालू असतां ती सर्वांनीं निर्धास्तपणें वांटून घ्यावी. कारण कोणी ती मध्येंच बदलील, ही शंकाच उरत नाहीं.

जाव्हाच्या कर्त्यांनाहि हें उमजलें. त्यांची 'स्ट्रिंग' आरंभापासून अविकारी होती; २०१४ सालीं आठव्या आवृत्तींत 'लोकलडेट' हा अविकारी तारखेचा क्लास आला, आणि २०२१ सालीं सोळाव्या आवृत्तींत असे क्लास थोडक्यांत लिहिण्यासाठीं 'रेकॉर्ड' ही सोय कायम झाली. मात्र रेकॉर्डमध्यें बदलणारी यादी ठेवली, तर पांचवा नियम पाळणें तुमच्याकडेच राहतें. नवशिक्यांची आणखी एक चूक सांगतों: लोकलडेटमध्यें सात दिवस मिळविले, पण हातीं आलेली नवी तारीख कोठें ठेवलीच नाहीं, तर जुनी जशीच्या तशी राहते. मिळालेली नवी वस्तु धरून ठेवावी लागते.

तथापि सर्वच वस्तु अविकारी कराव्या, असें नव्हे. ग्रंथालयाचा सभासद इयत्ता बदलतो, पत्ता बदलतो, तरी तोच राहतो. त्याची वस्तु बदलती असण्यास हरकत नाहीं. तसेंच हजारों तुकडे जोडून एक लांब मजकूर करावयाचा असेल, तर प्रत्येक जोडणीस नवी स्ट्रिंग घडविणें महाग पडतें. तेथें 'स्ट्रिंगबिल्डर' हा बदलता मदतनीस घ्यावा, व शेवटीं त्याजकडून अविकारी स्ट्रिंग मागून घ्यावी.

आम्हीं प्रोग्रॅम दुरुस्त केला व लोकलडेट योजिली. आतां एका नोंदीची मुदत बदलली, तरी शेजारच्या नोंदीस धक्का लागत नाहीं. त्या मुलीची आम्हीं चौघांनीं सर्वांदेखत क्षमा मागितली. यादींत चुकलेला आंकडा क्षणांत सुधारतां येतो. पण खोटेपणाचा आळ आल्यानें कोणाच्या डोळ्यांत आलेलें पाणी परत घेतां येत नाहीं. म्हणून मित्रहो, प्रोग्रॅम लिहावयास बसाल, तेव्हां प्रत्येक वस्तूविषयीं आधीं स्वतःस विचारा: ही बदलणारी आहे, कीं हिच्या न बदलण्यावर कोणाचा खरेपणा अवलंबून आहे?