दारू शरीरात गेल्यावर काय होते?



२६ जून हा अमली पदार्थविरोधी आंतरराष्ट्रीय दिन. त्यानिमित्त मी जीवशास्त्राच्या तासाला व्यसन हा विषय घेतला, तेव्हा एका कॅडेटने विचारले, "सर, फौजेत तर रम मिळते. मग ती वाईट कशी?" प्रश्न रास्त आहे. तुमच्यापैकी अनेकांचे वडील सैन्यात आहेत. उपदेश बाजूला ठेवून याचे उत्तर शरीरशास्त्रातून देतो.

रम थंडीत ऊब देते, हा पहिला गैरसमज. अल्कोहोलमुळे त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतले गरम रक्त त्वचेकडे येते. म्हणून ऊब वाटते; पण तीच उष्णता बाहेर निघून जाते आणि शरीराचे आतले तापमान उतरते. बर्फाळ ठाण्यावर हे जिवावर बेतू शकते.

आता यकृताकडे वळू. ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. ते निकामी करायला यकृताला साधारण एक तास लागतो. लिंबूपाणी, कडक कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. या कामात आधी ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या यकृतात चरबी साठते, सूज येते आणि शेवटी सिरोसिस होतो. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत यांच्या कर्करोगाशीही दारूचा थेट संबंध सिद्ध झाला आहे.

तुमच्या वयात सर्वांत मोठा धोका मेंदूला असतो. विचार करून निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत वाढत असतो. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, तिच्याकडे या दृष्टीनेही पाहा. जितक्या लहान वयात सुरुवात, तितकी व्यसन जडण्याची शक्यता जास्त.

व्यसन जडते कसे? नशेचा पदार्थ मेंदूत डोपामिनची लाट उठवतो. वारंवार लाट आली की मेंदू तिला सरावतो आणि तेवढ्याच नशेसाठी जास्त मात्रा मागतो. दारू मेंदूला शांत करते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू स्वतःला सतत जास्त उत्तेजित ठेवू लागतो. अशा माणसाची दारू अचानक तुटली की हात थरथरतात, झोप उडते, फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून पालकांना कळकळीची विनंती: घरातल्या अट्टल पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू सोडवू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती सोडवा.

ब्राऊन शुगरचा मार्ग आणखी जवळचा. हेरॉइनचे हे अशुद्ध रूप मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावते. मात्रा जास्त झाली की श्वासच थांबतो. १९८०च्या दशकात पुण्या-मुंबईत ती 'गर्द' नावाने पसरली. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दुल्ल्यांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी आर्थिक मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची धुरा डॉ. अनिता अवचट यांनी वाहिली. व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, तो आजारी आहे आणि तो बरा होऊ शकतो, हे मुक्तांगणने महाराष्ट्राला दाखवून दिले.

पण आजार म्हटल्याने जबाबदारी संपत नाही. मधुमेह झाला तर पथ्य रुग्णालाच पाळावे लागते, तसेच हे. पहिला घोट नाकारणे सोपे, शंभरावा फार अवघड.

शेवटी तीन गोष्टी पाठ करा. एक, सुट्टीत कोणी आग्रह केला तर "मी घेत नाही" एवढेच सांगा. कारण द्यायची गरज नाही. दोन, नशेत कोणी बेशुद्ध पडला तर त्याला एकटे सोडू नका. कुशीवर वळवा म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही, आणि ताबडतोब मोठ्यांना किंवा ११२ या क्रमांकावर कळवा. शिक्षेच्या भीतीने गप्प राहिलात तर मित्र गमवाल. तीन, स्वतःला किंवा घरच्यांना त्रास असेल तर लाजू नका. आपल्या बंगळुरूतच होसूर रस्त्यावर निम्हान्स आहे आणि तिथे व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. टेली-मानस १४४१६ आणि नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ हे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. गावी काका-मामांपैकी कोणाला गरज असेल, तर तो क्रमांक देणारे तुम्हीच असाल.