युनिक्सचे जुने यंत्र आणि लाखांदूरचा ‘र’

संगणकाची कार्यप्रणाली बदलणे हा विज्ञान शाखेचा विषय. कला शाखेच्या द्वितीय वर्षातल्या विद्यार्थिनीने त्यात कशाला पडावे, असे काही वाचकांना वाटेल. मला तसे वाटत नाही. जुने यंत्र नव्या प्रणालीवर नेताना खरी परीक्षा होते ती त्यात साठवलेल्या भाषेची, आणि भाषा हा तर आपलाच विषय आहे.

प्रथम थोडी तोंडओळख. कचेरीत किंवा बँकेत एक संगणक सर्वांच्या नोंदी सांभाळतो आणि बाकीचे संगणक त्याच्याकडे मागणी करतात. त्याला सर्व्हर म्हणतात. यंत्राचे लोखंड आणि त्यावर चालणारी कामे यांच्यामध्ये बसलेला कारभारी म्हणजे कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम. युनिक्स हा असाच एक जुना कारभारी. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये त्याचा आरंभ केला. १९७३ मध्ये तो ‘सी’ या संगणकभाषेत नव्याने लिहिला गेला आणि एका बनावटीच्या यंत्रावरून दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर नेणे सोपे झाले.

युनिक्सची यंत्रे वर्षानुवर्षे न कुरकुरता चालतात. त्यांचा हा गुणच पुढे अडचण होतो. चालते आहे ना, मग हात कशाला लावा, असे म्हणत माणसे दिवस ढकलतात. इकडे निर्माता त्या आवृत्तीची दुरुस्ती थांबवतो. एचपी-यूएक्स या युनिक्सच्या शेवटच्या आवृत्तीला नियमित आधार मिळण्याची अखेरची तारीख ३१ डिसेंबर २०२५ अशी जाहीर झाली होती. अशा तारखेनंतर सापडलेले भोक बुजवायला कोणी येत नाही.

दुसरे कारण काळाचे. युनिक्स १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून, सेकंद मोजत आला आहे. जुन्या यंत्रांत या मोजणीसाठी ३२ घरे असत व त्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती गाठली जाईल आणि पुढच्याच सेकंदाला न बदललेले यंत्र डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल. वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता मांडणाऱ्या यंत्राला ही अडचण आजच भेटते.

बदलाची रीत तशी शेतकरी घरातल्या कोणालाही समजेल अशी आहे. आधी सर्व नोंदींची प्रत काढायची, म्हणजे बॅकअप. पण प्रत काढली म्हणजे काम झाले असे नव्हे; ती दुसऱ्या यंत्रावर उतरवून, उघडून पाहावी लागते. कणगीत धान आहे की कोंडा, हे कणगी उघडल्यावाचून कळत नाही. नंतर नवी प्रणाली वेगळ्या यंत्रावर चढवून जुनी कामे तिच्यावर चालवून पाहायची. सगळे जुळले तरच सुटीच्या रात्री खरी अदलाबदल, आणि जुने यंत्र तसेच बाजूला ठेवायचे. एवढे सांगून मी माझ्या मुद्द्याकडे वळते.

जुन्या यंत्रात मराठी कशी साठवली होती? येथे आपल्या देशाने केलेले काम मोठे आहे. आयआयटी कानपूर येथे आकाराला आलेले गिस्ट तंत्र १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले, आणि युनिक्सला जोडता येणाऱ्या पडद्यावर भारतीय लिप्या दिसू लागल्या. त्यामागे इस्की नावाची संकेतपद्धती होती. १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. इस्कीत प्रत्येक चिन्हाला एक बाईट, म्हणजे साठवणीचे एक घर, लागत असे. आज सर्वत्र युनिकोड आहे व तो बहुधा यूटीएफ-८ या रूपात साठवतात. गंमत अशी की, हे रूप १९९२ मध्ये रचणाऱ्या दोघांपैकी एक तोच केन थॉम्पसन. दुसरा रॉब पाइक. त्यात इंग्रजी अक्षराला एक घर पुरते, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र तीन लागतात.

आता आपल्या जिल्ह्याचे गणित करून पाहू. समजा, जुन्या तक्त्यात तालुक्याच्या नावासाठी वीस बाईट राखून ठेवले आहेत. इस्कीत ‘भंडारा’ सहा घरांत बसत असे. यूटीएफ-८ मध्ये त्याला अठरा लागतात. मोहाडी आणि साकोलीचेही तेवढेच. तुमसर व लाखनी प्रत्येकी पंधरा, पवनी बारा. सहा तालुके सुखरूप बसले. राहिला लाखांदूर. काना, अनुस्वार, ऊकार धरून त्यात आठ चिन्हे, म्हणजे चोवीस घरे. रुंदी न वाढवता नोंदी ओतल्या तर ‘लाखांद’ एवढेच उरते, त्यापुढे ऊकाराचा तुटका तुकडा, आणि ‘र’ नाहीसा. पवनी आणि तुमसर तपासून ‘काम ठीक’ असा शेरा देणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. तालुक्याचे नाव निदान सगळ्यांना ठाऊक असते. शेतकऱ्याच्या आडनावाची शेवटची दोन अक्षरे गेली तर ती कोण भरून देणार? माझ्या घरात छापील कागद वाचणारी मी पहिलीच. वडील सही करतात, पण सहीच्या वर काय छापले आहे ते यंत्रावर सोडतात. म्हणून हे वीस बाईट मला क्षुल्लक वाटत नाहीत.

दुसरा घोळ रफाराचा. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक वाचकांना सांगणे नलगे; एक शिकवतो, दुसरा स्वयंपाक करतो. हा अर्धा ऱ मराठीला नित्य लागतो, हिंदीला लागत नाही. रूपांतराचा तक्ता हिंदीपुरताच विचार करून बनवला असेल तर आचारी एका रात्रीत आचार्य होऊन बसेल.

‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्याआधी अ लिहून त्यावर चंद्र देत. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला दोन निराळी. जुन्या पद्धतीने नोंदलेला ‘ॲडव्होकेट’ नव्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. रूपांतर करतानाच दोन्हींचे एक करून घ्यावे लागते.

ज्यांनी इस्की न वापरता नुसत्या फॉन्टवर काम भागवले, त्यांची स्थिती याहून बिकट. तेथे यंत्राच्या लेखी इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचा अंगरखा चढवतो. फॉन्ट गेला की उरतो तो निरर्थक अक्षरांचा ढीग. शिवाय अशा पुष्कळ फॉन्टांत ‘कि’ची पहिली वेलांटी दिसते तशी आधी साठवत आणि ‘क’ मागून. युनिकोडमध्ये आधी ‘क’, मग वेलांटी. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, त्यामुळे कोणती फाईल कोणत्या फॉन्टची हे जाणणारा कर्मचारी निवृत्त होण्याआधीच ते लिहून घ्यावे लागते.

शेवटी अनुक्रम. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. युनिकोडच्या क्रमांकांत तो ल ला लागून आहे. नव्या यंत्राला मराठीचा क्रम वेगळा सांगितला नाही, तर यादीत ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’च्या आधी येते, आणि जुन्या छापील यादीशी ओळीने ताडून पाहणारा माणूस तिथेच अडतो. म्हणून ताडताना ओळीच्या क्रमावर न जाता खातेक्रमांकावर जावे, आणि लांब नावे, ऱ असलेली व ॲ असलेली नावे आधी वेगळी काढून डोळ्यांनी वाचावीत. हे वाचन मराठी नीट येणाऱ्यानेच करायचे असते.